दुसरी बोली

१

मंगळवारी दुपारी एक वाजता पुंडलिकराव गावंडेंच्या वावरात रामधन मेश्राम मेलेला सापडला.

मोहदरी हे घाटंजी तालुक्यातलं दोन-अडीचशे घरांचं गाव. सप्टेंबर चालू होता, कपाशीची पऱ्हाटी कमरेवर आली होती आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात फवारणी सुरू होती. रामधन गेली वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांत फवारणीच करत होता. आता तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कुशीवर पडला होता. पाठीवरचा पंप पट्ट्यांनी तसाच बांधलेला होता आणि हाताजवळ कीटकनाशकाची उघडी बाटली होती.

बाटली दिसली आणि लोकांनी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं.

"औषध घेतलं त्यानं," पुंडलिकराव म्हणाले. प्रेत सगळ्यांत आधी त्यांनीच पाहिलं होतं. "मी सकाळपासून घाटंजीले होतो. एक वाजता आलो, तं हे असं."

सहायक पोलीस निरीक्षक दीपमाला आत्राम प्रेताजवळ उकिडवी बसली. ती पांढरकवड्याकडची होती. तिच्या घरातही कापूस होता, त्यामुळे फवारणीचा पंप तिला नवा नव्हता. भरला तर वीस किलो होतो. जीव द्यायला निघालेला माणूस एवढं वजन पाठीवर ठेवून बाटली तोंडाला लावेल?

तिनं पंपाचं झाकण उघडलं. आत उरलेलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. रामधनच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू निघाल्या: घडी केलेली वीस रुपयांची नोट आणि चौदा आकडा छापलेलं एक कार्ड.

"हे कार्ड कायचं?"

"थ्या मास्कवाल्या मॅडमचं," कुणीतरी म्हणालं. "लिलावाचा खेळ चालू हाये गावात."

पोटातल्या विषाचा तपासणी अहवाल यायला चार-पाच महिने लागणार होते. तोवर कागदावर आत्महत्या लिहिली गेली असती, तर कुणाचंच काही अडलं नसतं. पण बुधवारी सकाळी एक तरुण मुलगी ठाण्यात आली आणि म्हणाली, "मॅडम, मोहदरीत माझी पेटी कुणीतरी रिकामी केली आहे."

२

तिचं नाव समीक्षा. यवतमाळचीच, नागपूरला अर्थशास्त्रात संशोधन करत होती. माणसं पैशाचे आणि धोक्याचे निर्णय कसे घेतात, हा तिचा विषय.

"रोज फवारणी करणारे वीस जण आहेत," ती सांगू लागली. "प्रत्येकाला आम्ही पाचशे रुपये देतो. ते त्याचे. मग एक मास्क दाखवतो. गाळणीचा, चष्म्यासकट, घाटंजीत मिळत नाही असा. त्यासाठी किती द्याल ते चिठ्ठीवर लिहायचं. सगळ्यात जास्त लिहील त्याला मास्क. पण त्यानं स्वतःची रक्कम द्यायची नाही. त्याच्या खालोखाल ज्यानं लिहिलं असेल, तेवढीच द्यायची."

"असं काहून?"

"किंमत दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून ठरते ना, म्हणून कमी लिहून फायदा होत नाही. माणूस मनात असेल तेच लिहितो. तेच आम्हाला हवं असतं."

"अन् मनात किती असते लोकायच्या?"

"पंधरा दिवसांपूर्वी पहिला लिलाव झाला. मास्क पंचावन्न रुपयांना गेला. परवा सोमवारी दुसरा झाला. फकिरा नावाच्या माणसानं पाचशे लिहिले. पूर्णच्या पूर्ण. आणि त्याच्या खालची चिठ्ठी होती चारशे ऐंशीची. गाव हसत होतं. फकिराला चारशे ऐंशी मोजावे लागले."

"चारशे ऐंशी कोनाची?"

"माहीत नाही. रक्कम पुढच्या बाजूला आणि नंबर मागे. जिंकलेल्याचीच चिठ्ठी उलटून पाहायची, असा आमचा नियम आहे. बाकीच्या नंतर लॅपटॉपवर उतरवतो. पण परवा बॅटरी संपली, पाऊस आला, म्हणून पेटी अंगणवाडीत ठेवली. काल मी दुसऱ्या गावी होते. आज पेटीचं कुलूप पिळून तोडलेलं होतं. दोन्ही लिलावांच्या चिठ्ठ्या गेल्या आणि कोणाचा कोणता नंबर ती यादीही गेली."

"अन् पयल्या लिलावाचे आकडे? रामधनच्या खिशात चौदाचं कार्ड होतं."

"ते लॅपटॉपवर आहेत. चौदा नंबरचे पस्तीस रुपये."

दीपमालानं वहीत चारशे ऐंशी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"फकिराची चिठ्ठी साऱ्या गावाले माहीत," ती म्हणाली. "ती चोरून काय भेटन? पन्नास-साठच्या चिठ्ठ्या कोन लपवन? लपवासारखी एकच चिठ्ठी होती त्या पेटीत. दुसरी."

"म्हणजे ज्यानं चारशे ऐंशी लिहिले, त्यानंच चोरली?"

"थो आपल्याले सापडाले पाह्यजे. पंधरा दिवसांत मास्कची किंमत पंचावन्नची चारशे ऐंशी झाली. त्या औषधाबद्दल कोनाले तरी काहीतरी समजलं होतं, समीक्षा. मंगळवारच्या आधी."

३

फकिरा दारातच बसला होता. मास्क प्लास्टिकच्या पिशवीतच होता, उघडलेला नव्हता.

"तुले भेव वाटत होतं का फवारणीचं?" दीपमालानं विचारलं. "पाचशे लिहले म्हून म्हनलं."

फकिरा ओशाळला. "भेव नाई मॅडम. डोस्कं चालवलं म्या. दुसऱ्याचा भाव द्या लागते, असं थ्या मॅडमनं सांगतलं. म्या म्हनलं, सारे पन्नास-साठच लिहतीन. मंग मी पाचशे लिहले का मास्क मायाच, अन् द्याचे फक्त साठ. चारशे चाळीस घरी." त्यानं कपाळाला हात लावला. "थो चारशे ऐंशीचा आकडा आयकला अन् मी उडालोच. लेकीच्या वह्या घ्याच्या होत्या त्या पैशात."

दीपमालानं समीक्षाकडे पाहिलं. समीक्षानं हळूच मान हलवली. असे लोक प्रत्येक गावात निघतात, असं ती नंतर म्हणाली. नियमाला हुशारीनं वळसा घालायला जातात आणि समोर खरंच गरज असलेला एखादा निघाला की फसतात.

"रामधननं किती लिहले होते?"

"पयल्या खेपेले पन्नास. त्यानं सगळ्याईले सांगतलं होतं, पन्नास लिहले म्हून. सोमवारी काई बोलला नाई. माया नंबर पुकारला, तवा थो भिंतीले टेकून बसला होता. सारे हासत होते. थो नाई हासला."

त्या दोघी फकिराला घेऊन वावरात गेल्या. पानांवर पांढरे डाग वाळले होते. कुठपर्यंत फवारलं ते स्पष्ट दिसत होतं. फकिरानं पऱ्हाटीच्या ओळी मोजल्या.

"रामधनचा हात मले माहीत हाये. तासाले अर्धा एकर मारे. हे पाऊण एकर बी नाई भरत."

"सातले लागला, असं पुंडलिकराव म्हनते."

"मंग साडेआठच्या आसपास थांबला थो."

साडेआठला थांबला आणि एक वाजता सापडला. दीपमालानं धुऱ्यापासून रस्त्याकडे पाहिलं. पुंडलिकरावांचं घर तिथून दिसत होतं. अंगणात उभी असलेली त्यांची गाडीही दिसत होती.

४

गावातलं कृषी केंद्र बळीरामचं. पोलिसांची गाडी पाहूनच तो बाहेर आला. प्रेताजवळची बाटली त्यानं दोनदा फिरवून पाहिली.

"माल मायाच हाये. पन दोन सालाआधीचा. आता पुंडलिकराव माह्याकडून काईच नेत नाई."

"हे औषध पान्यात टाकलं का कसं दिसते?"

"पिवळं. हळदीसारखं."

"रामधनच्या पंपात पांढरं होतं."

बळीरामनं बाटली काउंटरवर ठेवली आणि हात पुसले. "मंग थ्यात हे औषध नव्हतं, मॅडम. यंदा काही कास्तकारायनं बिनलेबलाचे डबे आणले. राज्याच्या सीमेपलीकडून. स्वस्त पडते. कायचं हाये, कोनाले माहीत नाई. म्या पुंडलिकरावाले बोललो बी होतो, का लेबल नाई तं डाक्टर उतारा कायचा देईन? मले म्हने, तू आपलं दुकान पाय."

अंगणवाडी चालवणाऱ्या विमलताई मुलांची ताटं धूत होत्या. खोलीची किल्ली एकच आणि ती त्यांच्याच कमरेला.

"कोनाले देल्ली होती का?"

"नाई, मॅडम." मग त्यांना आठवलं. "हाव, मंगळवारी. लेकरायची खिचडी झाली अन् बाराले पुंडलिकराव आले होते. पाहुने येऊन राह्यले म्हने, सतरंजी पाह्यजे. मी पोराईचे हात धुऊन देत होती, तं त्यायनं किल्ली नेली अन् लगेच आनून देल्ली."

"सतरंजी वापस आली?"

विमलताईंनी आत पाहिलं. सतरंजी कोपऱ्यात गुंडाळून तशीच उभी होती, वर धूळ.

"नेलीच नाई वाटते."

पुंडलिकरावांनी दीपमालाला खुर्ची दिली, चहा मागवला. ते शांत होते. रामधनचं वाईट वाटतं, असंही म्हणाले.

"तुमी त्याले मास्क, हातमोजे दिले होते का?"

"किती खेपा म्हनलं! घालतच नाई हे लोक. गरमी होते म्हनते. त्यायले जिवाची किंमतच नाई, मॅडम. त्या पोरीले विचारा न, लिलावात काय लिहलं रामधननं? पस्तीस रुपये. जो मानूस सोताच्या जिवाची किंमत पस्तीस रुपये लावते, थो उद्या बाटली तोंडाले लावन, त्यात नवल काय?"

दीपमालानं चहाचा कप खाली ठेवला. तो अर्धाच झाला होता.

५

रामधनचं घर गावाच्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागे. रुखमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन दिवसांत पुष्कळ लोक येऊन गेले होते आणि सगळ्यांनी तेच विचारलं होतं.

"भांडन झालं होतं का, दारू पेत होता का, हेच इचारते सारे," त्या म्हणाल्या. "तुमी बी तेच इचारा."

"नाई मावशी. मले सांगा, थे आजारी होते का?"

रुखमाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"पंधरा दिवस झाले. मालकानं नवं औषध आनलं तवापासून. डोये गळत होते, उलट्या होत होत्या. रस्ता अंधुक दिसे. मंगळवारी घाटंजीच्या दवाखान्यात जानार होते. सकाळच्या ऑटोनं. वीस रुपये लागते ऑटोले, थे खिशात ठेवले होते."

"मंग गेले काहून नाई?"

"सातले मालक आले दारात. म्हने, आभाळ आलं, दोन एकर तेवढं मारून दे, मंग मी तुले गाडीनं दवाखान्यात नेतो." त्यांचा आवाज कोरडा होता. "गाडीनं नेतो म्हनलं म्हून गेले."

समीक्षानं चाचरत विचारलं, "सोमवारी लिलावातून आल्यावर ते काही बोलले का?"

"मास्क नाई भेटला म्हने. मी रागावली त्यायले. म्हनलं, तू पन्नासच लिहले असशीन, तुले कोन देईन मास्क! काई बोलले नाई. पैसे माह्या हातात ठेवले अन् हात-पाय धुवाले गेले."

"किती पैसे?"

रुखमाबाईंनी पदराची गाठ सोडली. नोटा तशाच होत्या, खर्च झालेल्या नव्हत्या. दीपमालानं त्या मोजल्या, मग समीक्षाच्या हातात दिल्या. समीक्षानं पुन्हा मोजल्या.

चारशे ऐंशी.

६

गुरुवारी सकाळी दीपमालानं पुंडलिकरावांना अंगणवाडीत बोलावलं. विमलताई होत्या, समीक्षा होती. मुलांना सुट्टी दिली होती.

"चिठ्ठ्या चोरणाऱ्याले मी काल दिवसभर चुकीच्या जागी शोधत होती," दीपमाला म्हणाली. "मले वाटलं, ज्यानं चारशे ऐंशी लिहले त्यानंच चोरल्या. पन त्याले चोरता येतच नव्हत्या. थो मेला होता."

पुंडलिकराव दाराकडे पाहत राहिले.

"रामधनजवळ पाचशे होते. ऑटोचे वीस त्यानं बाजूले काढले अन् उरले तेवढे सारे मास्कले लावले. घरी चारशे ऐंशी, खिशात वीस. असा आकडा गावात दुसऱ्या कोनाचा असूच शकत नाई. आता सांगा, सोमवारी ज्या मानसानं श्वास घ्याले जवळचे सारे पैसे लावले, थो मंगळवारी सकाळी बाटली तोंडाले लावन?"

"मले काय माहीत त्यानं काय लिहलं थे."

"माहीत होतं. रामधनची आत्महत्या ठरवाची असन, तं ती चिठ्ठी गावात राहू देता येत नव्हती. हे दुसऱ्या कोनाच्या कामाचं नाई. अन् चिठ्ठ्या गेल्या बारा वाजता. किल्ली त्याच वेळी बाहेर होती, एकदाच. प्रेत सापडलं एक वाजता. रामधन मेला हे चोराले गावाच्या एक घंटा आधी माहीत होतं. तुमी मले सांगतलं का एक वाजेपर्यंत घाटंजीले होतो. विमलताई म्हनते, बाराले किल्ली तुमाले देल्ली."

पुंडलिकरावांनी विमलताईंकडे पाहिलं. त्या खाली पाहत होत्या.

"सतरंजी पाह्यजे होती मले."

"नेली नाई. बरं, थे बी सोडा. काल तुमी मले म्हनलं, रामधननं पस्तीस रुपये लिहले होते. त्यानं गावात सगळ्याईले पन्नास सांगतले. बायकोले पन्नास, फकिराले पन्नास. कमी लिहले याची लाज वाटत असन त्याले. पस्तीस हा आकडा दोनच जागी होता. एक समीक्षाच्या लॅपटॉपमंधी, अन् एक त्या चिठ्ठीवर. तुमी कुठं वाचला, पुंडलिकराव?"

बाहेर ठाण्याची माणसं पुंडलिकरावांच्या गोठ्यात शोध घेत होती. थोड्या वेळानं त्यांच्यातला एक जण दारात आला. हातात बिनलेबलाचा पांढरा डबा होता. डबा पाहिला आणि पुंडलिकरावांचे खांदे पडले.

"मी मारलं नाई त्याले," ते म्हणाले. "नऊ वाजता गेलो वावरात, तं पडला होता. फेस येत होता तोंडातून. पन बोलून राह्यला होता."

"काय बोलून राह्यला होता?"

"गाडी आना म्हने."

"गाडी अंगनात होती तुमच्या," दीपमाला म्हणाली.

"नेलं असतं तं डाक्टरनं पयले काय विचारलं असतं? कोनतं औषध होतं? म्या काय सांगतलं असतं? नाव नाई, लेबल नाई. सारं माह्यावर आलं असतं." त्यांनी चेहरा पुसला. "सोमवारी संध्याकाळी आलता माह्याकडं. मालक, म्या चारशे ऐंशी लिहले तरी नाई भेटला, तुमी तरी आनून द्या म्हने. म्या म्हनलं, पाहू. मंग थो असा पडलेला पाह्यला अन् मले थेच आठवलं. म्हनलं, हे लिहलेलं कोनी पाह्यलं तं?"

"चिठ्ठ्या?"

"चुलीत."

"किती वेळ जिता होता थो?"

पुंडलिकरावांनी पुन्हा चेहरा पुसला. दीपमालानं पुन्हा विचारलं.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा वाजेपर्यंत असन."

७

ही गोष्ट फकिराला सांगू नका, असं दीपमालानं समीक्षाला बजावलं होतं. पण विमलताईंनी सगळं ऐकलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. फकिरानं पाचशे लिहिले नसते, तर मास्क रामधनला मिळाला असता. किंमतही पन्नास-साठच पडली असती. फकिरा त्या हंगामात पुन्हा फवारणीला गेला नाही. पांढरकवड्याला ट्रकवर हमाली करायला गेला आणि दिवाळीलाही घरी आला नाही.

समीक्षाच्या गाडीत त्या सोमवारीही अकरा मास्क पडून होते. लिलाव म्हणजे एका वेळी एकच, असा नियम होता. शुक्रवारी तिनं ते सगळे फवारणीवाल्यांना असेच वाटून टाकले आणि तिसरा लिलाव होणार नाही असं नागपूरला कळवलं. तिच्या मार्गदर्शकांनी कारण विचारलं. तिनं लिहून पाठवलं, पण पहिले चार मसुदे फाडले.

रुखमाबाईंचा जबाब शनिवारी घेतला. दीपमाला स्वतः लिहायला बसली. आधी तिनं त्यांना चिठ्ठीचं सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्यायले पन्नासवरून बोलली." जबाब पुरा व्हायला दुपार झाली.

रुखमाबाईंना सही येत होती, वाचता येत नव्हतं. दीपमालानं सुरुवातीपासून सगळं वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. सहीला पेन हातात घेतला आणि थांबल्या.

"दवाखान्यात जानार होते, थे लिहलं न?"

"लिहलं, मावशी."

"कुठं?"

दीपमालानं त्या ओळीवर त्यांचं बोट ठेवून वाचलं. मयत हे मंगळवारी सकाळच्या ऑटोनं घाटंजी येथील दवाखान्यात उपचारासाठी जाणार होते.

रुखमाबाईंनी बोट काढलं नाही.

"अजून एकदा वाचा," त्या म्हणाल्या.

दीपमालानं ती ओळ पुन्हा वाचली.